नवे खेळयंत्र आणि उपनगरातले गिऱ्हाईक

मुंबईच्या उपनगरातल्या मध्यमवर्गीय घरात महागाची वस्तू कधी एकट्याच्या हौसेखातर येत नाही. तिला काहीतरी निमित्त लागते, आणि ते निमित्त साऱ्या घराला पटावे लागते. रेडिओ आला तो बातम्यांसाठी. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले आणि पुढे ज्या बिऱ्हाडात संच आला त्या बिऱ्हाडाच्या दारात रविवारी संध्याकाळी चपलांचा ढीग पडू लागला. संच एकाचा, पण सिनेमा साऱ्या मजल्याचा. १९८२ च्या एशियाडने रंगीत संच आणला. नव्वदीनंतर संगणक आला तो मुलांच्या अभ्यासासाठी. त्यावर अभ्यास किती झाला हे त्या मुलांनाच ठाऊक. पण 'अभ्यास' हा शब्द उच्चारल्याशिवाय तो जिना चढला नसता एवढे खरे.

आता जी वस्तू दाराशी येऊन उभी आहे तिच्याजवळ असले कोणतेच निमित्त नाही. ती उघड उघड खेळण्याची वस्तू आहे आणि तिची किंमत अर्ध्या लाखाच्या घरात आहे. तिचे नाव निन्टेन्डो स्विच २. जपानच्या ह्या कंपनीने ५ जून २०२५ रोजी ती जगाच्या बाजारात आणली आणि पहिल्या चारच दिवसांत तिचे पस्तीस लाखांहून अधिक नग खपले. जेथे अधिकृत विक्री सुरू झाली त्या देशांच्या यादीत भारताचे नाव नव्हते. तरीही अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपरच्या बाजारांत मोबाइलच्या कव्हरांच्या माळांमागे काचेच्या कपाटात तिची पेटी दिसते, आणि शाळा सुटल्यावर त्या काचेला चिकटलेली नाकेही दिसतात. प्रश्न त्या नाकांचा नाही. ज्याने जन्मात असले यंत्र घेतलेले नाही, अशा घराचे पाकीट ही वस्तू उघडवील काय, हा खरा प्रश्न आहे.

ही वस्तू 'हायब्रीड' आहे असे तिचे भक्त सांगतात. हायब्रीड म्हटले की आमच्या पिढीला ज्वारी आठवते. साठीच्या दशकात ती आली तेव्हा गावोगावची म्हातारी माणसे म्हणत, पीक भरपूर, पण भाकरीला चव नाही. ह्या यंत्राचा संकर वेगळा आहे. आजवर खेळयंत्रे दोन जातींची असत. एक टेलिव्हिजनला जोडून ठेवायचे, दुसरे हातात धरून कुठेही खेळायचे. स्विच ही दोन्ही कामे करते. ७.९ इंच पडद्याची पाटी, तिच्या दोन कडांना दोन मुठी. पाटी एका छोट्या ठोकळ्यात बसवली की चित्र टेलिव्हिजनवर. उचलून घेतली की चित्र हातात. त्या ठोकळ्याला 'डॉक' म्हणतात. आपण मुंबईकर डॉकला गोदी म्हणतो, तेव्हा येथेही गोदीच म्हणू. ही गोदी ध्यानात ठेवावी. पुढे सारे तिच्यावरच येणार आहे. (एरवी 'स्विच' घ्यायला निघालात म्हणालात, तर निम्म्या उपनगरात तुम्हांला इलेक्ट्रिकच्या दुकानाचा पत्ता मिळेल.)

कंपनीचा इतिहास मोठा मौजेचा आहे. फुसाजिरो यामाउची नावाच्या गृहस्थाने १८८९ साली क्योतो शहरात ती सुरू केली, आणि करीत काय होता, तर फुलाफुलांची चित्रे असलेले पत्ते! पुढे ह्याच कंपनीत गुनपेई योकोई नावाचा इंजिनियर होता. त्याच्याविषयी अशी हकिगत सांगतात की, आगगाडीच्या प्रवासात त्याने एका कंटाळलेल्या नोकरदाराला खिशातल्या कॅल्क्युलेटरची बटणे उगाच दाबीत बसलेले पाहिले, आणि वेळ घालवण्याचे एखादे छोटे यंत्र का असू नये, असे त्याच्या मनात आले. त्यातून १९८० साली 'गेम अँड वॉच' हे तळहातावरचे खेळणे निघाले आणि १९८९ साली 'गेम बॉय'. योकोईचे तत्त्वही ध्यानात घेण्याजोगे होते. सर्वांत नवे आणि महाग तंत्र वापरू नये. जे जुने होऊन स्वस्त झाले आहे, त्याचाच काही नवा उपयोग काढावा. आपल्याकडच्या गृहिणी शिळ्या पोळीचा कुस्करा करतात, तेच हे शास्त्र.

योकोईने बोरिवली-चर्चगेट जलद गाडीने सकाळी प्रवास केला असता तर त्याला काही सुचले असते काय, ह्याविषयी मात्र शंका आहे. त्याच्या नोकरदाराला बसायला जागा होती. येथे एक हात वरच्या कडीला, दुसरा बॅगेवर, आणि नाक पुढच्याच्या खांद्यावर. स्विच २ मुठींसकट सुमारे ५३४ ग्रॅम भरते आणि तिला दोन्ही हात लागतात. आमच्या लोकलमध्ये दोन्ही हात मोकळे असलेला माणूस एक तर फर्स्ट क्लासच्या कोपऱ्यातला किंवा खिसेकापू. मेट्रोत थोडी सोय आहे. वर्सोवा-घाटकोपर मेट्रो २०१४ च्या जूनमध्ये सुरू झाली, दहिसर-अंधेरीचे मार्ग २०२२-२३ मध्ये. दुपारच्या वेळी तेथे बसून खेळणारी कॉलेजची मुले दिसतात. पण त्यांच्या हातांत बहुधा मोबाइलच असतो, आणि तोही एकाच हातात.

येथेच खरी मेख आहे. ह्या यंत्राची स्पर्धा दुसऱ्या यंत्राशी नाही. जे प्रत्येकाच्या खिशात आधीच येऊन बसले आहे, त्याच्याशी आहे.

तरी गिऱ्हाईक अजिबात नाही असे नव्हे. एक गिऱ्हाईक पक्के आहे आणि ते चाळिशीच्या आसपासचे आहे. नव्वदीच्या दशकात उपनगरातल्या घराघरांत 'लिट्ल मास्टर' किंवा 'मीडिया' नावाचे एक यंत्र असे. निन्टेन्डोने १९८३ साली जपानात 'फॅमिकॉम' काढला, त्याच्या त्या नकला होत्या. परंतु मुलांना अस्सल-नक्कल कोण सांगणार? पिवळी किंवा काळी कॅसेट खोचायची, चालली नाही की काढून तिच्यात फुंकर मारायची, आणि मिशीवाला मारिओ उड्या मारू लागायचा. 'कॉन्ट्रा' दोघांनी मिळून खेळायचा असे. कॅसेटीवर हजारो खेळ असल्याची जाहिरात असायची. मोजून पाहिले तर आठ-दहा निघत, बाकीचे तेच पुन्हा नव्या नावाने. दिवाळीच्या सुटीत कॅसेटींची अदलाबदल चाले, आणि परत न मिळालेल्या कॅसेटींवरून झालेली भांडणे दहावीपर्यंत टिकत.

त्या वेळी दहा वर्षांचा असलेला मुलगा आज मुलुंडला घराचे हप्ते भरतो, कांजूरमार्ग-पवईला किंवा मालाडच्या माइंडस्पेसमध्ये नोकरी करतो, आणि त्याला स्वतःचा मुलगा आहे. तो स्विच २ घेतो, मुलासाठी म्हणून घेतो, आणि रात्री सारे झोपल्यावर स्वतः खेळतो. ह्यात काही वाईट नाही. बाप मुलासाठी आगगाडी आणतो आणि स्वतः किल्ली देतो, हे आमच्या लहानपणापासून चालत आले आहे. परंतु हा नवा गिऱ्हाईक नव्हे. हा जुनाच, मधली वीस-पंचवीस वर्षे सुट्टीवर गेलेला.

नवे गिऱ्हाईक म्हणजे काय, हे खुद्द ह्याच कंपनीने एकदा जगाला दाखवून दिले होते. २००२ साली सातोरु इवाता कंपनीचे अध्यक्ष झाले. त्यांनी हिशेब असा मांडला की, खेळणाऱ्यांनाच अधिकाधिक जोरकस यंत्रे विकण्यात अर्थ नाही. जे खेळतच नाहीत त्यांना खेळायला लावले पाहिजे. २००६ साली त्यांनी 'वी' नावाचे यंत्र आणले. त्याचा हातातला दांडा टेनिसच्या रॅकेटीसारखा फिरवला की पडद्यावरचा खेळाडू चेंडू मारी. बटणांची भानगड जवळजवळ नाहीच. आजी-आजोबा दिवाणखान्यात उभे राहून बोलिंग खेळू लागले. दहा कोटींवर यंत्रे खपली. मग २०१२ साली कंपनीने त्याचाच पुढचा अवतार 'वी यू' काढला, आणि तो अवघा एक कोटी छत्तीस लाखांच्या आसपास अडला. नावावरून पुष्कळांना वाटले की हा जुन्याच यंत्राचा काही जोडभाग आहे. आणि ज्या आजीने वी घेतली होती, तिला दुसरी घेण्याचे कारणच दिसेना. आजी एकदाच खरेदी करते. तिच्या दृष्टीने वस्तू चालते आहे तोवर ती नवीच असते.

२०१७ च्या मार्चमध्ये पहिली स्विच आली ती ह्या आपटीनंतर. तिने आपटी भरून काढली. आजवर तिचे पंधरा कोटींहून अधिक नग गेले आहेत. तिच्या नशिबाचाही एक योग होता. मुलामाणसांनी बेटावर घर बांधावे, मासे धरावेत, झाडे लावावीत असा 'अॅनिमल क्रॉसिंग' नावाचा एक शांत खेळ २० मार्च २०२० रोजी निघाला, आणि त्याच सुमारास जगाने घरांची दारे लावून घेतली. आपल्याकडे २५ मार्चपासून टाळेबंदी लागली. परदेशांत ह्या खेळाने पूर्वी कधी न खेळलेल्या असंख्य स्त्रीपुरुषांना यंत्र घ्यायला लावले.

आपल्या उपनगरांत त्या दिवसांत काय झाले? येथेही आजी खेळू लागली, पण लुडो! नवी मुंबईच्या गेमेशन टेक्नॉलॉजीज ह्या कंपनीने, विकास जयस्वाल हे तिचे संस्थापक, २०१६ साली 'लुडो किंग' काढला होता. २०२० च्या वसंतात बोरिवलीची आत्या, डोंबिवलीचा भाचा आणि न्यू जर्सीची सून एकाच पटावर फासा टाकू लागली. सोंगटी मारली की रुसवे-फुगवे थेट समुद्रापार जात. त्या आत्याला कोणी विचारले असते की तुम्ही व्हिडिओ गेम खेळता का, तर तिने कानांवर हात ठेवले असते. नवे गिऱ्हाईक असे येते. त्याला खेळ ओळखीचा लागतो, यंत्र हाताशी असलेले लागते, आणि दाम शक्यतो शून्य.

ह्या तीनही बाबतींत निन्टेन्डोचे पारडे हलके आहे. दामाविषयी पुढे बोलू. ओळखीचे म्हणाल, तर तिच्या खेळांत बेसबॉल आहे, गोल्फ आहे, जपानी तलवारबाजीसुद्धा आहे. 'स्विच स्पोर्ट्स'मध्ये बॅडमिंटन आहे, आणि ते आपल्या सोसायट्यांना मानवेलही. पण कंपनीच्या स्वतःच्या क्रीडाखेळांत क्रिकेट नाही! शिवाजी पार्कापासून दहिसरच्या मैदानापर्यंत जेथे सकाळी सहा वाजता जागा धरावी लागते, त्या मुलखात क्रिकेटवाचून खेळ विकणे म्हणजे मिठावाचून भजी. मुंबईचीच नॉटिलस मोबाइल ही कंपनी 'रिअल क्रिकेट' मोबाइलवर खेळवते. सोनी कंपनीने एके काळी तरी थोडी खटपट केली होती. २००९ साली तिने आपल्या प्लेस्टेशन २ वर 'हनुमान' आणला, कबड्डी-विटीदांडूचा 'देसी अड्डा' आणला. ते फार गाजले अशातला भाग नाही; पण दारावर टकटक तर केली! तिचे प्लेस्टेशन ५ आपल्याकडे २ फेब्रुवारी २०२१ पासून रीतसर पावतीने मिळू लागले, तेव्हा किंमत ४९,९९० रुपये होती.

निन्टेन्डोची वस्तू घ्यायला गेले की काय होते, तेही सांगतो. असा संवाद स्टेशनालगतच्या कोणत्याही शॉपिंग सेंटरात कानी पडेल :

"केवढ्याला, शेठ?"

शेठ पन्नास हजारांच्या आगेमागचा एक आकडा सांगतात. वडील चष्मा काढून पुसतात.

"गॅरंटी?"

"माझी गॅरंटी, काका. मी इथेच बसलोय ना!"

"अहो, कंपनीची विचारतोय."

"कंपनी जपानला. मी बोरिवलीला. बिघडली तर तुम्ही जपानला जाणार की बोरिवलीला येणार?"

ह्या युक्तिवादाला उत्तर नाही. एवढ्यात मातोश्री विचारतात, "ह्यात अभ्यासाचं काही आहे का हो?" शेठ क्षणभर अडखळतात, मुलगा खाली पाहतो, आणि मंडळी शेजारच्या दुकानात आकाशकंदील घ्यायला वळतात.

किमतीचा हिशेब वाचकांनी स्वतःच करून पाहावा. अमेरिकेत जून २०२५ मध्ये यंत्राची किंमत सुमारे साडेचारशे डॉलर होती. त्या वेळच्या दराने अडतीस हजार रुपयांच्या वर. त्यावर तिकडचा कर, दुबई-सिंगापूरहून येण्याचा खर्च, मधल्या हातांची दलाली आणि शेठजींची 'माझी गॅरंटी'. खेळ निराळे घ्यावे लागतात. 'मारिओ कार्ट वर्ल्ड' हा मोटारशर्यतीचा खेळ सुटा घेतला तर ऐंशी डॉलर, म्हणजे एका खेळाला सहा-सात हजार. कित्येक घरांत तेवढ्यात महिन्याचा किराणा येतो.

आणखी एक धोक्याची सूचना द्यावीशी वाटते. जपानात ह्या यंत्राची एक स्वस्त आवृत्ती आहे, जून २०२५ मध्ये ती ४९,९८० येनांची होती. आपल्या पैशांत तिची किंमत तेव्हा तीस हजारांच्या घरात जात होती. ती केवळ जपानी भाषा बोलते आणि जपानातलेच खाते स्वीकारते. टोकियोहून येणाऱ्या मेहुण्याला "येताना एक घेऊन या" असे सांगण्यापूर्वी हे लक्षात असू द्यावे. नाहीतर भाऊबीजेची ओवाळणी उलटी पडायची. भारतासाठी कंपनीचे इंटरनेटवरील दुकानही २०२५ पर्यंत उघडलेले नव्हते. दुसऱ्या एखाद्या देशाचे नाव लावून खाते काढावे लागे. स्विच २ च्या काही कार्डांत तर खेळ नसतोच, नुसती किल्ली असते आणि खेळ इंटरनेटवरून उतरवून घ्यावा लागतो. एवढ्या पायऱ्या चढून जो जाईल तो भक्त. नवे गिऱ्हाईक पहिल्याच पायरीवर चप्पल घालून परत फिरते.

ह्या साऱ्यात एका मराठी मुलखातल्या गोष्टीची जी गंमत होऊन बसली आहे, ती सांगितल्यावाचून राहवत नाही. पुण्यात 'नॉडिंग हेड्स गेम्स' नावाची एक छोटी मंडळी आहे. त्यांनी 'राजी' नावाचा खेळ केला. राजी ही कसरतीचे खेळ करणारी मुलगी. असुर तिच्या धाकट्या भावाला, गोलूला, पळवून नेतात आणि ती त्याला सोडवायला निघते. दुर्गा आणि विष्णू तिची कथा सांगतात. किल्ले, कमळतळी, पहाडी चित्रांसारखे रंग. पाहून डोळे निवतात. २०१७ साली त्यांनी लोकवर्गणीचा प्रयत्न केला, तो पुरा पडला नाही. तरी ही माणसे चिकाटीने उभी राहिली, आणि खेळ १८ ऑगस्ट २०२० रोजी प्रसिद्ध झाला. कोणत्या यंत्रावर? सर्वप्रथम निन्टेन्डो स्विचवर! इतर यंत्रांवर तो त्याच वर्षी ऑक्टोबरात आला. त्या वर्षीच्या 'गेम अॅवॉर्ड्स'मध्ये पदार्पणाच्या विभागात त्याला नामांकनही मिळाले. म्हणजे पुण्याच्या मुलामुलींनी केलेला, दुर्गेची कथा सांगणारा खेळ आधी पाहिला ओसाका आणि ओहायोच्या मुलांनी. घाटकोपरच्या मुलाला तो पाहायचा, तर दुबईहून आलेले यंत्र घ्यायला हवे होते. कंपनीला हिंदुस्थानात गिऱ्हाईक नको होते असे नाही. पण तिच्याच घरात ओळखीचा पदार्थ शिजलेला असताना तिने आपल्याला पंगतीला बोलावले नाही.

आता घरात काय होते ते पाहू. मोबाइलविषयी पालकांच्या मनात जो धसका आहे तो निष्कारण नाही. सप्टेंबर २०२० मध्ये सरकारने पबजीवर बंदी घातली, तेव्हा कित्येक घरांत पेढे वाटायचे तेवढे बाकी होते. २०२१ साली तोच खेळ नाव बदलून आला आणि २०२२ च्या जुलैत तोही थांबवला गेला, २०२३ मध्ये पुन्हा सुरू झाला. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. खेळ म्हणजे चोर. वेळ चोरतो, नाहीतर बापाच्या खात्यातले पैसे. ही भावना उपनगरांत खोल रुजली आहे. 'फुकट' खेळ मुलाच्या बोटाला धरून हळूच दुकानात नेतो, हे आता आयांनाही कळले आहे.

खरे पाहता ह्याच ठिकाणी निन्टेन्डोच्या यंत्राला बोलण्यासारखे काही आहे. तिच्या बहुतेक खेळांचे दाम एकदाच मोजायचे. कार्ड विकत घेतले की ते शेजारच्या मुलाला देता येते, बदलून घेता येते, विकता येते. अगदी त्या जुन्या कॅसेटींसारखे. रोज किती मिनिटे खेळायचे हे आईला आपल्या मोबाइलवरून ठरवता येते. ही सोय २०१७ पासून आहे. आणि सर्वांत मोठी गोष्ट अशी की, दोन मुठी सुट्या काढून दोघांच्या हातांत देता येतात. यंत्र एक, खेळाडू दोन, आणि भांडण समोरासमोरचे. मोबाइलवरचा मुलगा पाठ फिरवून बसतो. आई विचारते काय करतोस, तो म्हणतो काही नाही. गोदीत बसवलेल्या यंत्रावर तो काय करतो ते सारे घर पाहते, आणि पाहता पाहता एखादा म्हणतो, "दे बघू इकडे."

हे जे "दे बघू इकडे" आहे, तोच नव्या गिऱ्हाइकाचा जन्म. तो दिवाणखान्यात होतो, खिशात होत नाही.

पण दिवाणखाना रिकामा आहे कोठे? वन बीएचकेत टेलिव्हिजन एक. संध्याकाळी सात ते दहा त्यावर मालिकांचे राज्य. सासूबाईंच्या हातून रिमोट घेणे हे कोणत्याही खेळातल्या राक्षसाला मारण्याहून अवघड. उन्हाळ्यात आयपीएल. तेव्हा यंत्र गोदीतून निघते ते मुलाच्या हातात जाते, हातातून अंथरुणात, आणि दोन ते साडेसहा तासांत कधीतरी त्याची बॅटरी संपते. दुपदरी यंत्राची सोय हीच येथे त्याची अडचण ठरते. जेथे जागा कमी तेथे ते हमखास हातातच राहते. आणि हातात राहिले की ते मुलाचे एकट्याचे होते, घराचे होत नाही. मग पुढच्या दिवाळीला दुसऱ्या खेळासाठी सात हजार मागितले की घर म्हणते, तुझे तू बघ.

म्हणून आमचा अंदाज असा. स्विच २ उपनगरांत खपेल, पण तिचे गिऱ्हाईक बहुतेक ओळखीचेच असेल : कॅसेटीत फुंकर मारणारे जुने, आणि पहिली स्विच असलेले. पहिलीवरचे बहुतेक खेळ हिच्यावरही चालतात, त्यामुळे त्यांना ती घेणे सोपे. पडदा मोठा, वेग जास्त, चित्र ठसठशीत हे गुण ज्याला आधीचे ठाऊक त्यालाच कळतात. न खेळणाऱ्या आत्याला ह्यातले काहीही सांगून उपयोग नाही. तिच्यासाठी इवातांचा हातात धरायचा दांडा हवा, लुडोची सोंगटी हवी, आणि मराठी नाही तर निदान हिंदी अक्षरे हवीत. ह्या यंत्राच्या भाषांच्या यादीत दोन्ही नाहीत. उलट नव्यांना खेचण्याचे काम, झालेच तर, जुनी पहिली स्विच करील असे आम्हांला वाटते. जे नवी घेतात ते जुनी विकायला काढतात. निम्म्याहून कमी दामात एखाद्या घराला ती मिळाली, तर "बिघडली तरी एवढेच जातील" असे म्हणण्याची सोय राहते, आणि आपल्या लोकांना तेवढी सोय पुरते. योकोईचे जुन्या, स्वस्त तंत्राचे शास्त्र कंपनी विसरली तरी ओएलएक्सवर ते चालूच आहे.

एक वाट आणखी आहे. मुलुंड, घाटकोपर, कांदिवलीच्या नव्या गृहसंकुलांत क्लब हाउस म्हणून एक खोली असते. तेथे कॅरम असतो, टेबल टेनिस असते, भिंतीवर मोठा टेलिव्हिजन असतो आणि तो बहुधा बंद असतो. चाळीस बिऱ्हाडांच्या इमारतीत पन्नास हजारांची वर्गणी वाटली तर घरटी साडेबाराशे रुपये पडतात. गणपतीला आपण कधी कधी ह्याहून जास्त देतो. यंत्र तेथे गोदीत ठेवावे, किल्ली वॉचमनकडे, वेळ संध्याकाळी सहा ते आठ. १९७२ नंतर एका संचापुढे जसा सारा मजला बसे, तसा पुन्हा बसेल. कुठल्याशा सोसायटीच्या वार्षिक सभेत गळक्या टाकीच्या आणि पार्किंगच्या ठरावांमध्ये हा ठराव आणून पाहायला हरकत नाही. सूचक मिळेल, दुसरीत-तिसरीत शिकणाऱ्या मुलांचे बाप तयारच असतात. अनुमोदन मात्र आजींकडून घ्यावे, आणि सभेपूर्वी त्यांना एकदा बॅडमिंटन खेळू द्यावे.